शेवटचा धावपटू

हिवाळ्यातील एका रविवारची पहाट. घाटाच्या पायथ्याशी असलेल्या मैदानावर शेकडो माणसे जमली आहेत. कोणी हात चोळत आहे, कोणी जागच्या जागी उड्या मारत आहे. प्रत्येकाच्या छातीवर एक क्रमांक लावलेला आहे. शिट्टी वाजते आणि सारे जण घाटाच्या दिशेने धावू लागतात. साडेतीन-चार तासांत शर्यत संपते. पण त्यासाठी पाच-सहा महिने तयारी चाललेली असते. ही तयारी आपल्याला सहसा दिसत नाही. या पाठात आपण ती समजून घेऊ.

मॅरेथॉन हे ग्रीस देशातील एका ठिकाणाचे नाव आहे. तेथील लढाईत मिळालेल्या विजयाची बातमी एका दूताने धावत जाऊन अथेन्स शहरात पोहोचवली, अशी दंतकथा आहे. तिची आठवण म्हणून १८९६ साली अथेन्स येथे भरलेल्या ऑलिम्पिक सामन्यांत मॅरेथॉन शर्यत ठेवण्यात आली. स्पिरिडॉन लुईस या ग्रीक धावपटूने ती जिंकली. पुढे या शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असे ठरले. त्याच्या निम्मे अंतर, म्हणजे २१ किलोमीटर ९७.५ मीटर, धावले की अर्धमॅरेथॉन होते.

आपल्या राज्यातही अशा शर्यती होतात. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या थंडीत भरते. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली. तिचे धावपटू यवतेश्वरचा घाट चढून जातात व पुन्हा खाली येतात. ही शर्यत मात्र पावसाळ्याच्या अखेरीस होते.

समजा, तुमच्या तालुक्यातील मंडळींनी हिवाळ्यात अशी शर्यत घ्यायचे ठरवले. तिच्यातून उरणारा पैसा गावातील संस्थांना द्यायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

पहिले काम तारीख ठरवण्याचे. परीक्षा, गावची जत्रा आणि लग्नाची दाट तिथी टाळावी लागते. मग परवानग्या मिळवाव्या लागतात. पोलीस, नगरपालिका, रस्त्याची देखभाल करणारे खाते आणि वाटेवरील ग्रामपंचायती यांना लेखी अर्ज द्यावे लागतात. रस्ता जंगलातून जात असेल, तर वनखात्याला विचारावे लागते. घाट बंद राहणार असेल, तर एस.टी. आणि दुधाच्या गाड्या कोणत्या वेळी सोडायच्या, हेही आधीच ठरते. वाटेवरच्या गावांना त्या दिवशी अडचण सोसावी लागते. म्हणूनच शर्यतीतून होणाऱ्या मदतीवर त्या गावांचा हक्क मोठा असतो.

दुसरे काम अंतर मोजण्याचे. मोटारीचे मीटर त्यासाठी पुरेसे अचूक नसते. म्हणून सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारे एक लहान यंत्र बसवतात. आधी पोलादी टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर ती सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात, ते पाहतात. मग संपूर्ण मार्गावर ती चालवतात. वळणावर सायकल नेमकी त्या रेषेवरून न्यायची, जी धावपटूसाठी सर्वांत जवळची असेल. शेवटी दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. मोजण्यात थोडी चूक झाली, तरी शर्यतीचे अंतर कमी भरू नये, हा त्यामागचा हेतू असतो.

तिसरे काम सर्वांत जबाबदारीचे आहे. ते म्हणजे धावणाऱ्यांच्या जिवाची काळजी.

हिवाळ्यात पहाटेची हवा धावायला चांगली असते. ऊन नसते, रस्ता कोरडा असतो. पण डोंगरावर उंची वाढते तसे तापमान उतरते. साधारणपणे १,००० मीटर उंचीमागे ते साडेसहा अंश सेल्सिअसने कमी होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात, ते तुम्ही ऐकले असेल. चढ चढताना धावपटू घामाने भिजतो. वर पोहोचताच त्याला वारा लागतो आणि ओले कपडे अंगातील उष्णता खेचून घेतात. शरीराचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले, तर जिवाला धोका होतो. माणूस थरथर कापू लागतो, अडखळत बोलतो, त्याचा तोल जातो. अशा वेळी त्याला आडोशाला नेऊन कोरडे कपडे व घोंगडी द्यावी आणि डॉक्टरांना बोलवावे.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली. १७२ स्पर्धक धावत होते. उंचावर अचानक सोसाट्याचा वारा सुटला, गारांसह पाऊस आला. बहुतेकांच्या अंगावर पातळ कपडे होते. मदत वेळेवर पोहोचू शकली नाही आणि २१ धावपटू मरण पावले. तेथे मेंढ्या चारणाऱ्या एका मेंढपाळाने गुहेत शेकोटी पेटवून सहा जणांचे प्राण वाचवले. हवामानाचा इशारा मिळूनही आयोजकांनी पुरेशी काळजी घेतली नव्हती, असे चौकशीत आढळले. लक्षात घ्या, तो मे महिना होता!

म्हणून शहाणे आयोजक हवामानाचा अंदाज रोज पाहतात. वादळाची चिन्हे दिसली, तर शर्यत पुढे ढकलतात किंवा रद्द करतात. साधारणपणे दर पाच किलोमीटरला पाण्याची सोय असावी, असा नियम आहे. चढावर ती अधिक जवळ असलेली बरी. एका ठिकाणी ६०० धावपटूंना प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी द्यायचे, तर १२० लीटर पाणी लागते. सोबत गूळ, संत्र्याच्या फोडी आणि मीठ-लिंबाचे पाणी ठेवतात. प्रत्येक अवघड वळणावर एक स्वयंसेवक उभा असतो. रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवतात.

सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक चालत येतो. त्याच्या मागे कोणीही धावपटू उरलेला नसावा. शर्यत सुरू होताना किती जण निघाले, किती पोहोचले आणि किती जणांनी मध्येच शर्यत सोडली, याचा मेळ घालावा लागतो. समजा, ६०० जण निघाले, ५८१ पोहोचले आणि १८ जण गाडीतून परत आले. मग एक जण कोठे आहे? तो सापडेपर्यंत कोणीही घरी जायचे नाही. पहिल्या धावपटूचे स्वागत करायला सारे गाव येते. शेवटच्या धावपटूची वाट पाहणे हे आयोजकाचे कर्तव्य आहे.

आता पैशाचा हिशेब. समजा, ६०० धावपटूंनी प्रत्येकी ५०० रुपये प्रवेश फी भरली. एकूण तीन लाख रुपये जमले. पाणी, पदके, मंडप, रुग्णवाहिका आणि छपाई यांवर २,१०,००० रुपये खर्च झाले. उरले ९०,००० रुपये. म्हणजे प्रत्येकाच्या ५०० रुपयांपैकी १५० रुपये मदतीला गेले. एखाद्या दुकानदाराने पाणी किंवा पदके देणगी म्हणून दिली, की खर्च घटतो व मदत वाढते. मुंबई मॅरेथॉनमध्ये अनेक धावपटू आपल्या ओळखीच्या लोकांकडूनही सामाजिक संस्थांसाठी देणग्या गोळा करतात.

मदत कोणाला द्यायची, ते शर्यतीपूर्वीच जाहीर करावे. गावातील दवाखाना, अंध मुलांची शाळा, अनाथाश्रम किंवा वाचनालय अशी ती संस्था असू शकते. ती संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, हे तपासावे. प्रत्येक खर्चाची पावती ठेवावी आणि सगळा जमाखर्च लोकांना वाचता येईल असा फलकावर लावावा. मदतीच्या नावाने गोळा केलेल्या पैशाचा हिशेब दिला नाही, तर पुढच्या वर्षी लोक विश्वास ठेवणार नाहीत. मग नुकसान होते ते त्या दवाखान्याचे आणि त्या मुलांचे.

तुमच्या वयाची मुलेही या कामात मदत करू शकतात. पाण्याचे पेले देणे, क्रमांक लिहून घेणे, रस्त्यावरचा कचरा उचलणे ही कामे लहान वाटतात, पण त्यांच्यावाचून शर्यत पार पडत नाही.

दुपार होते. बक्षिसे वाटून झालेली असतात, मंडप सोडला जात असतो. तेवढ्यात घाटाच्या शेवटच्या वळणावर एक थकलेला धावपटू दिसतो आणि त्याच्यामागून चालत येणारा स्वयंसेवकही दिसतो. यादी घेऊन बसलेली मुलगी त्याच्या क्रमांकापुढे खूण करते. आता निघालेले आणि आलेले, दोन्ही आकडे जुळतात. पैशाचा हिशेबही असाच जुळला, की शर्यत खऱ्या अर्थाने संपते.