चीजकेकला गुण देताना

खापरला चीजकेक येतो तो बाहेरूनच. सुरतेला नोकरीला असलेला भाचा नाहीतर पुण्यात शिकणारी मुलगी थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्या घालून तो घेऊन येते. अक्कलकुव्याच्या पुढचं, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्गावरचं आमचं हे गाव. गुजरातची हद्द जवळच. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. शहरातल्या चीजकेकला जी परीक्षा कधी द्यावीच लागत नाही, ती इथे डबा उघडण्याआधीच होऊन गेलेली असते. दिवाळीत हवा जरा बरी असते, म्हणून असे डबे याच दिवसांत जास्त येतात. नामांकित दुकानात एका तुकड्याला दोन-तीनशे रुपये पडतात. एवढे पैसे मोजून नुसतं 'छान आहे' म्हणायचं आणि बशी खाली ठेवायची, हे मला पटत नाही. महाग वस्तूची चव पारखूनच घ्यावी.

आणि पारखायला आपण काही कच्चे नाही. चीजकेकचा जीव क्रीम चीजमध्ये. मलई घातलेल्या दुधाला विरजण लावायचं, ते आंबलं की पाणी काढून टाकायचं, उरतं ते क्रीम चीज. फडक्यात दही टांगून चक्का करणाऱ्या घरात यातलं काय समजावून सांगायचं? फरक फॅटचा. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे चक्क्याच्या कोरड्या भागात किमान 33 टक्के फॅट लागते, तर क्रीम चीजमध्ये किमान 70 टक्के. म्हणून चक्का जिभेवर आंबट आणि भरीव लागतो, क्रीम चीज मऊ आणि गुळगुळीत. पण आंबटपणा दोन्हीकडे हवाच. ज्या चीजकेकमध्ये तो नाही, तो माझ्या लेखी थंडगार गोड गोळा आहे, मग त्यावर कितीही ब्लूबेरी ओतलेल्या असोत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात घरोघर कैऱ्या वाळवून आमचूर होतो. आंबटातला कच्चा कुठला आणि मुरलेला कुठला, हे इथल्या जिभेला कुणी शिकवावं लागत नाही.

चीजकेक अमेरिकेतला म्हणून ओळखला जातो. त्याचं कारण असं, की न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स या दूधव्यावसायिकाने 1872 च्या सुमारास क्रीम चीज करायला घेतलं आणि 1880 मध्ये ते 'फिलाडेल्फिया' या नावाने बाजारात आलं. चीज भाजून गोड खाण्याची रीत मात्र फार जुनी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या केटो या रोमन लेखकाच्या शेतीवरच्या ग्रंथात चीज, पीठ, मध आणि अंडं एकत्र करून मातीच्या भांड्यात, वर झाकण ठेवून भाजायचा पदार्थ आहे. शेवटी वरून मध आणि खसखस. खानदेशात मातीच्या खापरावर मांडे भाजणाऱ्या बायकांनी तो पहिल्याच झटक्यात जमवला असता. ओडिशातला छेनापोडाही याच जातीचा: छेना, साखर, थोडा रवा, आणि सालाच्या पानांत गुंडाळून भाजलेली करपट-गोड कड. सध्या मोठ्या शहरांत ज्याची चलती आहे तो काळ्या माथ्याचा 'बास्क' चीजकेक स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातल्या 'ला विन्या' या खानावळीतला. तिथल्या सांतियागो रिवेरा यांनी 1990 च्या आसपास तो करायला सुरुवात केली. कडक आचेवर वरून करपवायचा आणि आतून जेमतेम धरलेला ठेवायचा.

दुकानातून आणलेल्या चीजकेकमध्ये पहिली गोष्ट बघायची ती ही, की तो कशाने धरला आहे. भाजलेला असेल तर अंड्याने धरलेला असतो. बिनअंड्याचा असेल तर बहुधा जिलेटीनने किंवा अगार-अगारने. जिलेटीन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं, म्हणून त्यावर शाकाहाराचा हिरवा ठिपका असू शकत नाही. अगार समुद्री शेवाळातून येतं. पण खरी गंमत तापमानाची आहे. जिलेटीन तिशी-पस्तिशीत पातळ होतं, म्हणून तोंडात घातल्यावर ते विरघळतं आणि चव जिभेवर पसरते. तेच जिलेटीन एप्रिलच्या दुपारी बसमधून आलं, तर डबा उघडल्यावर कडा खचलेल्या आणि तळाला पाणी. अगार साधारण 85 अंशांपर्यंत हटत नाही. त्यामुळे खापरपर्यंत ते ताठ उभं पोहोचतं, आणि तोंडातही ताठच राहतं: चावलं की तुकडे पडतात, विरघळत नाही. म्हणजे आमच्या वाटेवर जो टिकतो तो तोंडात रुचत नाही, आणि रुचतो तो टिकत नाही. भाजलेला या दोन्हींतून वाचतो. ऊन लागलं तर तोही खराब होईल, पण त्याचा आकार मोडत नाही.

गुण द्यायला घरातली चार माणसं पुरतात. तुकडे फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, कारण फार गार पदार्थाची गोडी आणि वास दोन्ही दबतात. दुकानाचं नाव लपवा आणि बशांखाली चिठ्ठीवर तीन आकडी खुणा लिहा. चवपरीक्षणाच्या प्रयोगशाळांतही असंच करतात, कारण एक-दोन-तीन लिहिलं की पहिल्या बशीकडे झुकतं माप जातं. मध्ये साधं पाणी आणि चार कुरमुरे. आमच्याकडे असंच चाखताना सगळ्यांत देखण्या तुकड्यावर घरातल्या मामींनी दुसरा घास घेतलाच नाही. बोट टाळूला लावून म्हणाल्या, "हे चिकटलंय इथे. दुधाचं नाही हे." डब्यावरची घटकांची यादी काढून पाहिली, तर पहिल्याच ओळीत हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, क्रीम चीज पाचव्या क्रमांकावर. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्यामुळे ती यादी म्हणजे कबुलीजबाबच. दुधाचा स्निग्धांश तोंडाच्या उबेने वितळतो. फेटायच्या कृत्रिम क्रीममधल्या काही चरबीला त्याहून जास्त ऊब लागते, तिचा तवंग टाळूवर राहतो. डेअरीवर रोज दूध घालणाऱ्या बाईला फॅट कळायला यंत्र लागत नाही.

तळाचा बिस्किटाचा थर मात्र मी फार मनावर घेत नाही. तो कुरकुरीत असला तर एक गुण जास्त, पचपचीत असला तर एक कमी. बहुतेक महाग चीजकेक मध्यवर्ती स्वयंपाकघरात करून, गोठवून दुकानांत येतात. त्यात गैर काही नाही. पण गोठलेला केक फ्रीजमध्येच, रात्रभर, सावकाश सुटू द्यावा. घाईने बाहेर काढला तर त्याला घाम सुटतो आणि बिस्किट ओलं होतं. वरची भेग पाहून नाक मुरडणारेही पुष्कळ. ती भेग जास्त आचेची किंवा एकदम गार केल्याची खूण. चवीत तिच्याने फारसं बिघडत नाही.

रसमलाई, गुलाबजाम, मोतीचूर असे देशी अवतार दिवाळीच्या तोंडावर काचेमागे सजतात. माझं मत विचाराल तर गोडावर गोड चढवून उपयोग नाही. क्रीम चीजच्या आंबटपणाला जागा ठेवणारं काही घालायचं असेल, तर आंबा किंवा कोकम.

यंदा कुणी विचारलं, तर माझा निर्वाळा असा: भाजलेला, साधा, घटकांत क्रीम चीज पहिलं असलेला आणि लहान आकाराचा घ्या. अंडं चालत नसेल तर चीजकेकच्या पैशात उत्तम चक्का आणा आणि घरी श्रीखंड करा. आणि खापरला आणायचा असेल, तर गोठवलेलाच घ्या आणि रात्रीच्या गाडीने निघा.