नाक, बल्ब आणि 325 व्होल्ट

पुण्यात तपकीर गल्लीच्या मागच्या अंगाला एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे जुने भाग मिळतात. मी गेले होते एका शिक्षकांसोबत. त्यांच्या शाळेला कुठल्याशा ऑफिसातून निघालेले कॉम्प्युटर भेट मिळाले होते आणि त्यांतल्या तीन कॉम्प्युटरचे एसएमपीएस कुणीतरी आधीच काढून नेलेले. एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा. घरातली 230 व्होल्ट वीज घेऊन आतल्या भागांना 12, 5 आणि 3.3 व्होल्ट देणं हे त्याचं काम. दुकानातल्या काकांनी ढिगातून एक डबा उचलला, त्याच्या जाळीशी नाक नेलं, खरबूज घेताना देठाशी हुंगतात तसं हुंगलं आणि तो परत ढिगात टाकून दिला. मीटर नाही, वायर नाही, काही नाही.

त्या हुंगण्यापायी मी नंतर एकटीच तिथे जाऊन बसले.

वास तीन प्रकारचे, काका सांगतात. नुसत्या धुळीचा वास येत असेल तर हरकत नाही, ब्रश मारला की गेला. जळक्या वार्निशचा असेल तर आत ट्रान्सफॉर्मर किंवा कॉइल तापून गेलेली. आणि तिसरा, किंचित मासळीकडे झुकणारा, तो कपॅसिटरमधून गळलेल्या रसायनाचा. काकांच्या घरी मासे शिजत नाहीत, पण हा वास त्यांना हातभर अंतरावरून कळतो. 2000 सालाच्या पुढेमागे बनलेल्या मालात असे कपॅसिटर फार निघायचे. चांगल्या कपॅसिटरचं डोकं सपाट असतं. बिघडलेल्याचं टम्म फुगतं, कधी त्यावर तपकिरी चिकट थर जमतो. जाळीतून बॅटरी मारली की पुष्कळदा बाहेरूनच दिसतं.

हुंगून झालं की डबा हलवून पाहायचा. आत काही खुळखुळलं तर वीज द्यायचीच नाही, सुटा स्क्रूही शॉर्ट करायला पुरतो. मग मागचं लाल बटण. जुन्या डब्यांवर 115 आणि 230 असे दोन आकडे असतात. परदेशातून आलेल्या मालात ते 115 वर राहिलेलं असलं आणि तसंच आपल्या प्लगमध्ये घातलं, तर मोठा बार होतो. काका बटणाकडे न बघता त्यावरून अंगठा फिरवतात.

“उघडायचा असेल तर आधी मला विचारायचं,” त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. “प्लग काढलात म्हणून वीज गेली असं नाही. आत 325 असतात.” 230 व्होल्टची एसी वीज डीसी झाली की साधारण 325 व्होल्ट होतात आणि ते आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठून राहतात. तो साठा हळूहळू रिकामा करणारा एक रेझिस्टर असतो. पण जो डबा बिघडला म्हणूनच आपल्या हातात आलाय, त्यातला तो रेझिस्टर तरी शाबूत असेल याचा काय भरवसा? दुकानातल्या पोराने एकदा झाकण काढून बोट पुढे केलं, तेव्हा काका मागून नुसतं “325” एवढंच म्हणाले. बोट मागे आलं. मग बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी कपॅसिटरला टेकवल्या, बल्ब क्षणभर उजळून विझला. स्क्रू-ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे कारागीरही मी पाहिले आहेत. काकांना ते मर्दुमकी वाटत नाही.

वीज पहिल्यांदा द्यायची तीही थेट नाही, सिरीज बोर्डावरून. फेजच्या वायरीत मध्येच शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावलेला असतो. डबा आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटून राहतो आणि सगळा ताण स्वतःवर घेतो. डबा ठीक असेल तर कपॅसिटर भरेपर्यंत बल्ब एकदा चमकतो आणि मंदावतो. हा बोर्ड रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या काळापासून चालत आलेला आहे. बाजारात एसएमपीएस टेस्टर नावाची छोटी डिजिटल डबी मिळते, ती काकांकडेही आहे. कपाटात आहे.

आता वायरी. डबा प्लगला लावला की बटण न दाबताही जांभळ्या वायरीवर 5 व्होल्ट यायला हवेत. ते नसतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही. ते आले की 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर तारेच्या तुकड्याने काळीला जोडायची, डबा सुरू होतो. ही रीत इंटेलने 1995 साली एटीएक्स मानक आणलं तेव्हापासूनची. त्याआधी कॅबिनेटचं बटण थेट 230 व्होल्टच तोडत-जोडत असे.

आणि इथेच, हिरवी-काळी जोडून पंखा फिरला की, बहुतेक दुकानांतली तपासणी संपते. “चालू है, ले जाव.” हे ऐकून मला आता राग येतो. 12 व्होल्टचा पंखा 7 व्होल्टवरही आरामात फिरतो. पंखा फिरला याचा अर्थ पंखा चांगला आहे, बाकी काही नाही.

काका मोकळ्या डब्याचं वाचन लिहूनच घेत नाहीत. आधी जुनी हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह जोडतात, मग पिवळ्या-काळ्या वायरीवर मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब. तो एकटा पाचेक अँपिअर ओढतो. लागला की टेबल उजळून निघतं. थंड फिलॅमेंट पहिल्या क्षणी कितीतरी जास्त करंट खेचतो, त्यामुळे चांगला डबाही कधी दचकून बंद पडतो. त्याला दुसरी संधी मिळते. मग मीटर. पिवळीवर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25, नारिंगीवर 3.14 ते 3.47. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. एका डब्याने मोकळं असताना 12.2 दाखवले होते. बल्ब लागताच 11.1. पंखा मात्र मजेत फिरत होता.

राखाडी वायर हा काकांचा खास राग. आतले सगळे व्होल्ट जागेवर आले की या वायरीवर 5 व्होल्टचा होकार येतो, 100 ते 500 मिलिसेकंद थांबून, आणि तो आल्याशिवाय मदरबोर्ड प्रोसेसरला उठवत नाही. काही स्वस्त डब्यांत ही देखरेख करणारं सर्किटच नसतं. राखाडी वायर सरळ 5 व्होल्टच्या लाइनीला जोडलेली असते. “पहारेकऱ्याची नुसती टोपी ठेवलीये,” काका म्हणतात.

त्यांच्या पद्धतीत एक भोक आहे आणि ते लपवत नाहीत. डीसीवर बसलेली बारीक थरथर, म्हणजे रिपल, 12 व्होल्टवर 120 मिलिव्होल्टच्या आत असावी लागते. ती पाहायला ऑसिलोस्कोप हवा. तो त्यांच्याकडे नाही. साधा मल्टीमीटर एसीवर लावून अंदाज येतो, पण इतक्या वेगाची थरथर तो धड पकडत नाही. मग अर्धा तास बल्ब लावून ठेवायचा, पत्र्याला हात लावून ताप बघायचा, आणि पुन्हा नाक. (पत्र्याला हात लावून झिणझिण्या आल्या तर डबा खराब असतोच असं नाही. बहुतेकदा आपल्याच बोर्डाला अर्थिंग नसतं.)

शिक्षक डबे न्यायला आले त्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा नवा कोरा बॉक्स घेऊन उभा होता. त्यावर 450 वॉट असं ठसठशीत छापलेलं. काकांनी तो एका हातात आणि ऑफिसच्या मशीनमधून निघालेला 300 वॉटचा जुना डबा दुसऱ्या हातात दिला. जुना जवळजवळ दुप्पट जड. नव्याच्या लेबलावर पिवळ्या वायरीसाठी 12 अँपिअर लिहिले होते, म्हणजे 144 वॉट, आणि हल्लीचा प्रोसेसर काय, ग्राफिक्स कार्ड काय, पोट भरतात ते याच वायरीवर. जाळीतून बॅटरी मारली तर वीज आत येते तिथल्या फिल्टर कॉइलच्या जागी नुसत्या तारेच्या दोन उड्या. वजन कुठे वाचवलंय ते कळत होतं.

“पण काका, हा नवा आहे ना?”

“नवा आहे. तपासलेला नाही.”

“जुन्याला वॉरंटी काय?”

“एक महिना. आणि उघडायचा नाही.”

“का?”

दुकानातला पोरगा हेडलाइटच्या बल्बच्या वायरी गुंडाळत होता. तोच म्हणाला, “325.”

शिक्षकांनी तीन जुने डबे घेतले. प्रत्येकावर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने बल्ब लावून घेतलेलं वाचन: 11.9, 11.8, 11.9. मुलगा नवा बॉक्स घेऊन गेला.