संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा : डीएनएसमधील दोषाचा शोध

इंटरनेटला जोडलेला प्रत्येक संगणक आयपी पत्ता या अंकी खुणेने ओळखला जातो, माणसाच्या मात्र नावेच लक्षात राहतात. म्हणून नावावरून पत्ता शोधून देणारी जी यंत्रणा जगभर पसरलेली आहे, तिला डोमेन नेम सिस्टीम किंवा डीएनएस म्हणतात. आरंभी ही सर्व नोंद अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवली जात असे. जाळे वाढले तशी ती अपुरी पडू लागली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नोंदींची जबाबदारी श्रेणीने वाटून देणारी आजची रचना मांडली.

ब्राउझरमध्ये नाव टाइप केले की संगणक प्रथम स्वतःकडील साठवण, म्हणजे कॅशे, तपासतो. तेथे उत्तर नसेल तर तो रिझॉल्व्हरला, म्हणजे बहुधा इंटरनेट पुरवठादाराच्या शोधक सर्व्हरला, विचारतो आणि रिझॉल्व्हर मूळ सर्व्हर, मग ‘डॉट इन’सारख्या विभागाचा सर्व्हर व शेवटी त्या नावाचा अधिकृत सर्व्हर अशा क्रमाने पत्ता मिळवतो. या साखळीतील कोणतीही कडी निखळली तरी संकेतस्थळ उघडत नाही, आणि म्हणूनच उपायाआधी दोषाचे ठिकाण निश्चित करणे अगत्याचे ठरते.

एकच संकेतस्थळ बंद असेल, तर दोष बहुधा त्याच्याच बाजूला असतो. सर्वच बंद असतील, तर ८.८.८.८ या अंकी पत्त्याला पिंग करावे, म्हणजे तेथून प्रतिसाद येतो का ते पाहावे. प्रतिसाद आला आणि नावे मात्र उलगडली नाहीत, तर जोडणी शाबूत असून बिघाड डीएनएसमध्ये आहे असे समजावे. तेच संकेतस्थळ मोबाइल डेटावर उघडत असेल, तर संशय घरच्या राउटरवर किंवा पुरवठादाराच्या रिझॉल्व्हरवर येतो. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा, संगणकाचा डीएनएस कॅशे पुसावा आणि तरीही फरक न पडल्यास सेटिंगमध्ये गुगलचा ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा रिझॉल्व्हर नोंदवावा.

पडद्यावरील संदेशही मार्ग दाखवतो. ‘एनएक्सडोमेन’ याचा अर्थ असे नाव अस्तित्वात नाही, त्यामुळे आधी स्पेलिंग तपासावे, कारण एक अक्षर चुकले तरी हाच संदेश येतो. ‘सर्व्हफेल’ याचा अर्थ रिझॉल्व्हरला विश्वासार्ह उत्तर मिळवता आले नाही. संकेतस्थळाचा पत्ता नुकताच बदलला असेल, तर प्रत्येक नोंदीला ठरवून दिलेली टीटीएल ही साठवणमुदत संपेपर्यंत काहींना जुनेच उत्तर मिळत राहते; म्हणून चालकाने बदलापूर्वीच ही मुदत कमी करून ठेवणे श्रेयस्कर.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीतील एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले, त्याचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले आणि सुमारे सहा तास फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप व इन्स्टाग्राम ठप्प राहिले. त्या काळात वापरकर्त्याने राउटर कितीही वेळा सुरू केला असता, तरी काही साधले नसते. दोष स्वतःच्या हद्दीत आहे की बाहेर, एवढे ओळखता आले तरी सामान्य वापरकर्त्याचा व्यर्थ खटाटोप टळतो आणि पुरवठादाराकडे किंवा संकेतस्थळाच्या चालकाकडे नेमकी तक्रार नोंदवणे त्याला शक्य होते.