वार्धक्यांतील स्मृति व आपला आहारविहार

“साठी बुद्धि नाठी” ही म्हण आपल्याकडे इतकी रूढ आहे कीं, घरांतील वृद्ध माणूस विसरूं लागल्यास त्याचें कोणास नवल वाटत नाहीं, व उपाय करण्याचें मनांतही येत नाहीं. ह्या उपेक्षेचें फळ आम्हीं महसुली दप्तरांत नोकरीस असतां पाहिलें. आमच्या कुडवा भागांतील एका वृद्ध शेतकऱ्यास आपल्या धानाच्या बांध्यांचे गट क्रमांक सांगतां येईनात. “बाबांस भ्रम झाला” असें ठरवून मुलांनीं हक्कसोडपत्राचे कागद तयार केले. सुनेनें मात्र आग्रह धरून त्यांस आधीं डॉक्टरांकडे पाठविलें. रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व फारच कमी आढळलें. सुया सुरू झाल्या, आणि पुढल्या रोवणीपर्यंत ते गृहस्थ आपल्या साऱ्या बांध्या पुन्हां तोंडपाठ सांगूं लागले. कागदांवर अंगठा उठला नाहीं.

सर्वांचीच स्मृति अशी परत येत नाहीं. जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर ह्यांनीं १९०६ सालीं वर्णिलेला मेंदूचा रोग अद्यापि बरा होत नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें भारतांत साठीपुढील दर शंभरांत सुमारें ७, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष लोकांस स्मृतिभ्रंश असावा. परंतु ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानें २०२४ सालीं टाळतां येण्याजोगीं १४ कारणें दाखविलीं. तीं सर्व दूर झाल्यास शंभरांपैकीं सुमारें ४५ जणांचा रोग टळेल किंवा उशिरा जडेल, असें त्याचें अनुमान आहे. रक्तदाब, मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, अति मद्यपान, बैठेपणा, बहिरेपणा, मंद दृष्टि व एकाकीपणा हीं त्यांतील कांहीं होत.

प्रथम आहार पाहूं. आपला जिल्हा धानाचा, त्यामुळें दोन्ही वेळां भात. गिरणींत पांढरा केलेल्या तांदळाचा कोंडा जातो, व त्याबरोबर बरींच जीवनसत्त्वें व चोथा जातो. असा भात ताटभर खाऊन बसून राहणाऱ्यास मधुमेहाचें भय अधिक. म्हणून भात बेताचा घ्यावा, शक्य तर हातसडीचा; जोडीस बांधावरील तुरीचें वरण, पालेभाजी, जवसाची चटणी व तलावांतील मासळी असावी. मीठ कमी करावें. ब-१२ हें वनस्पतींत नसतें. तें दूध, दहीं, अंडीं, मासळी व मांस ह्यांतून मिळतें, आणि वार्धक्यांत पोट तें कमी शोषून घेतें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी ह्यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत शहर व खेड्यांतील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकीं शेंकडा ६७ जणांत तें कमी आढळलें. शाकाहारी वृद्धांनीं रक्ततपासणी अवश्य करावी.

आतां विहार. फिनलंड देशांत ६० ते ७७ वयाच्या १२६० लोकांवर दोन वर्षें प्रयोग झाला. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव व रक्तदाबादिकांवर देखरेख हीं चारही एकत्र ज्यांस लाभलीं, त्यांची बुद्धि नुसता साधा सल्ला मिळालेल्यांहून चांगली राहिली, असें २०१५ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या शेतकऱ्याचें आयुष्य मुळांत ह्याच घडणीचें आहे: बांधावरची फेरी, धानाचा हिशेब, चार माणसांत बसणें. मुलाच्या हातीं कारभार गेला कीं हीं तिन्ही एकाच दिवशीं सुटतात, आणि ओटीवर बिडी तेवढी उरते.

म्हणून कर्त्या मुलांस आमची विनंति अशी कीं, कारभार घ्या, परंतु वडिलांची शेतावरील फेरी बंद करूं नका. मजुरीचा हिशेब त्यांच्याकडेच राहूं द्या. ऐकूं येत नसल्यास कानाचें यंत्र आणा. दिवाळीनंतरच्या मंडईस त्यांस बरोबर न्या. आणि वडील विसरूं लागल्यास कागदावर त्यांचा अंगठा घेण्यापूर्वीं त्यांस डॉक्टरांकडे न्या.