दुसरा गुन्हा आणि पहिली नोंद

सातवाहनकाळात नाणेघाटातून व्यापाऱ्यांचे तांडे चढत होते, तेव्हापासून आपला जुन्नर-आंबेगावचा मुलूख हा वाटांचा मुलूख आहे. आज राजगुरुनगरकडून मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा पुणे-नाशिक महामार्ग आपल्या दोन्ही तालुक्यांतून जातो, आणि माळशेज घाट चढून आलेला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग त्याला आळेफाट्यावर छेदतो. नारायणगावचा टोमॅटो रातोरात वाशीच्या बाजारात पोचविणारी पिकअप, विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याकडे निघालेला दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, एस.टी., लग्नाच्या वऱ्हाडाची जीप, आणि कडेकडेने पायी चाललेले मजूर व शाळकरी मुले या सर्वांना हाच रस्ता आहे. त्यांतला एक चालक जरी दारू पिऊन बसला, तरी बाकीच्या सर्वांचा जीव त्याच्या हाती जातो.

असा चालक एकदा पकडला गेला, सुटला, आणि पुन्हा पिऊन गाडीवर बसला, तर त्याला शिक्षा किती कठोर असावी? या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, त्याला वर्षानुवर्षे तुरुंगात टाका. दुसरा म्हणतो, ड्रायव्हरकी हेच त्याचे पोट आहे, त्याच्या पोटावर पाय देऊ नका. दोन्ही मतांत तथ्य आहे, म्हणूनच भावनेच्या आहारी न जाता या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. प्रस्तुत लेखात तोच अल्पसा प्रयत्न केला आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. पूर्वी पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. दुसऱ्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ३,००० रुपयांपर्यंत दंड होता, पण तो गुन्हा पहिल्यापासून तीन वर्षांच्या आत घडलेला असावा लागे. सन २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपये व दुसऱ्याचा १५,००० रुपये झाला. कैदेची मुदत तीच राहिली. तीन वर्षांची अट मात्र गळाली. म्हणजे आता मधे किती वर्षे गेली हे न पाहता दुसरा गुन्हा हा दुसराच मानावयाचा.

याहून महत्त्वाचे एक कलम आहे व त्याची चर्चा फारशी होत नाही. कलम २२, पोटकलम २ असे सांगते की, कलम १८५ खाली एकदा दोषी ठरलेला माणूस त्याच कलमाखाली पुन्हा दोषी ठरला, तर न्यायालयाने त्याचा वाहन चालविण्याचा परवाना रद्द करावयाचा आहे. येथे 'करू शकेल' असे न म्हणता 'करील' असे म्हटले आहे. कायद्यात या दोन शब्दांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे विद्यार्थी मित्रांनी ध्यानात ठेवावे.

काही जण शंका घेतात, की दुसऱ्या वेळी जास्त शिक्षा देणे म्हणजे पहिल्या गुन्ह्याची पुन्हा शिक्षा देणे नव्हे काय? आपल्या संविधानाच्या अनुच्छेद २०(२) ने एकाच अपराधासाठी दोनदा शिक्षा देण्यास मनाई केली आहे. परंतु येथे शिक्षा दुसऱ्या कृत्याचीच असते. ते कृत्य माणसाने धोका कळून-सवरून, एकदा न्यायालयाची पायरी चढून आल्यावर केले, म्हणून त्याचे वजन वाढते.

आकडा काय बोलतो?

"रात्री घेतली होती, आता सकाळ झाली," हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. यकृत हे रक्तातील मद्यार्क आपल्या ठरलेल्या गतीनेच कमी करते. माणसागणिक फरक पडतो, पण ढोबळमानाने १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला १५ मिलिग्रॅम असे धरता येईल. एखाद्याच्या रक्तात मध्यरात्री १५० मिलिग्रॅम मद्यार्क असेल, तर ३० वर उतरण्यास १२० मिलिग्रॅम कमी व्हावे लागतील. १२० भागिले १५, म्हणजे आठ तास. तो माणूस पहाटे पाच वाजता गाडी काढील, तेव्हाही त्याच्या रक्तात कायदेशीर मर्यादेच्या अडीचपट मद्यार्क असेल. लिंबूपाणी, कडक चहा, थंड पाण्याची अंघोळ यांनी डोळे उघडतात, पण हा हिशेब बदलत नाही. जो रोज पितो त्याला आपण शुद्धीवर आहोत असे वाटते, आणि तेच अधिक धोक्याचे आहे.

मोठ्या शिक्षेची चर्चा केव्हा होते?

दि. १२ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालक दारू प्यालेला होता. सत्र न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तो सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षांची कैद दिली, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. सात जिवांच्या मानाने ही शिक्षाही अपुरी असल्याचे मत न्यायालयाने नोंदविले.

आपल्याच जिल्ह्यात, पुण्याच्या कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. आधी त्या मुलाला ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन मिळाला. पुढे त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. साऱ्या देशात संताप उसळला, आणि तो रास्त होता.

या दोन्ही प्रकरणांतून एक गोष्ट दिसते. आपण कठोर शिक्षेची मागणी करतो ती प्रेते उचलल्यावर. तोपर्यंत कोणी फारसे विचारीत नाही. वास्तविक दुसऱ्यांदा पिऊन चालविताना पकडला गेलेला, पण अद्याप कोणास न मारलेला चालक हाच तो क्षण आहे, जेथे कायद्याला जीव वाचविता येतो. रस्त्याच्या कडेने पायी जाणारा आणि पदपथावर झोपणारा कोण असतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. आणि दुसऱ्याच्या गाडीवर रोजंदारीने चालक म्हणून बसणाराही पुष्कळदा आपल्याच घरातला असतो. मरणारा आणि मारणारा अशा दोन्ही बाजूंनी हा प्रश्न आपल्या दाराशी आहे.

खतावणीतील नोंद

बँकेत काम करणाऱ्यास एक धडा लवकर मिळतो. कर्जदाराचा पहिला हप्ता थकला, की त्याची नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. ती झाली नाही, तर दहावा हप्ता थकल्यावरही तो कागदावर चांगला खातेदारच राहतो. मग जप्तीची नोटीस कितीही कडक शब्दांत लिहा, तिला आधार उरत नाही. मद्यपी चालकाचेही तसेच आहे. दुसरा गुन्हा दुसरा ठरावयाचा, तर पहिल्या गुन्ह्याचा निकाल न्यायाधीशासमोर कागदावर हवा. पहिल्या वेळी पोलिसांनी "जाऊ द्या, गावातलाच आहे" म्हणून सोडले, किंवा मोठ्या माणसाचा फोन आला, किंवा दंड भरून निघालेल्या प्रकरणाची नोंद परवान्याच्या दप्तरी गेलीच नाही, तर पाचव्यांदा पकडलेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने नवखाच राहील. दोन वर्षांच्या कैदेचे व परवाना रद्द करण्याचे कलम पुस्तकातच राहील.

आपल्याकडील वाहनांचे पासिंग एम.एच. १४ चे, म्हणजे दप्तर पिंपरी-चिंचवडला. जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या न्यायालयात शिक्षा झाली, तर तिची नोंद तेथपर्यंत पोचली पाहिजे. पूर्वी हे अवघड होते. आता परवान्यांची 'सारथी' ही देशभराची संगणकीय नोंदवही आहे. न्यायालयाचा निकाल त्याच आठवड्यात तीत चढविणे अशक्य नाही. शिक्षेची कठोरता वाढविण्यापूर्वी शिक्षेची खात्री वाढविली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. नशेत किल्ली हातात घेणारा माणूस कैदेचे महिने मोजत बसत नाही. आळेफाट्यापर्यंत तपासणी होईल की नाही, एवढाच त्याचा अंदाज असतो.

इतरत्र काय करतात?

ब्रिटनमध्ये दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा या गुन्ह्यात सापडल्यास किमान तीन वर्षे वाहन चालविण्यास बंदी होते, आणि परवाना परत मिळण्याआधी वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. अमेरिकेतील साऊथ डाकोटा राज्याने २००५ पासून एक निराळी योजना राबविली. वारंवार सापडणाऱ्या चालकाने दररोज सकाळी व संध्याकाळी हजर राहून श्वास तपासून घ्यावयाचा. दारू आढळली, की लगेच एक-दोन दिवस कोठडी. शिक्षा लहान, पण चुकत नाही. सन २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या योजनेमुळे वारंवार मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल होणाऱ्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. फिनलंड, स्वीडन या देशांत काही गुन्ह्यांचा दंड माणसाच्या दिवसाच्या मिळकतीवर ठरवितात. आपल्याकडे १५,००० रुपये हा पिकअपच्या चालकाचा महिन्याचा पगार असू शकतो, तर बंगलेवाल्याला तो एका मेजवानीचा खर्च. समान दंड म्हणजे समान शिक्षा नव्हे.

पोटावर पाय?

"परवाना गेला तर त्याची बायको-मुले काय खातील?" हा प्रश्न खरा आहे व तो झटकून टाकू नये. तुरुंगवासाने तर कुटुंबाची अधिकच वाताहत होते, म्हणूनच दुसऱ्या गुन्ह्यात दीर्घ कैदेपेक्षा परवाना काढून घेणे अधिक न्याय्य आहे. परवाना गेलेला माणूस शेतात, बाजार समितीत, कारखान्यात काम करू शकतो, त्याच्याकडून फक्त स्टेअरिंग काढून घेतले जाते. विमानाच्या किंवा एस.टी.च्या चालकाबाबत आपण हे सहज मान्य करतो. शिवाय अपघात झाल्यावर घराचे काय होते, तेही पाहावे. चालक प्यालेला होता असे सिद्ध झाल्यास गाडीच्या नुकसानीचा विमा नाकारला जाऊ शकतो, पण गाडीवरील कर्जाचा हप्ता थांबत नाही. घर त्यातही बुडते.

मात्र येथे कायद्यात एक उणीव आहे. विनापरवाना वाहन चालविल्यास कलम १८१ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, आणि अशा माणसाच्या हाती गाडी देणाऱ्या मालकासही कलम १८० प्रमाणे तेवढेच. म्हणजे दारूपायी परवाना गमावलेल्या माणसाने पुन्हा गाडी काढली, तर त्याला दंड पहिल्या वेळेपेक्षाही कमी! कठोरता हवी ती येथे. ज्याला दोनदा सांगून झाले, ज्याचा परवाना काढून घेतला, तरीही जो चाकावर बसतो, त्याला सक्तीची कैद व्हावी, आणि ज्याने हे ठाऊक असून त्याला गाडी दिली त्या मालकाची गाडी जप्त व्हावी. असा माणूस पिऊन कोणाचा जीव घेईल, तर तो निव्वळ निष्काळजीपणा न मानता सदोष मनुष्यवध मानावा.

व्यसन हा आजारही आहे

दोनदा पकडला जाणारा माणूस पुष्कळदा व्यसनाधीन असतो. त्याला नुसता दंड करणे म्हणजे तापाच्या रोग्याला थर्मामीटर दाखविणे होय. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता (सुनंदा) व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, आणि तेथून असंख्य माणसे सावरून घरी गेली आहेत. परवाना परत मिळण्यासाठी उपचार पूर्ण केल्याचा दाखला व ठराविक काळ दारूपासून दूर राहिल्याचा पुरावा सक्तीचा करावा. शिक्षेचा शेवट सुधारण्यात व्हावा.

अंगुलिमालाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. तथागतांनी त्या खुन्याला संघात घेतले. परंतु भिक्षेला गेल्यावर लोकांनी दगड मारून त्याचे डोके फोडले, तेव्हा हे आपल्या कर्माचे फळ आहे, ते सहन कर, असेही त्याला सांगितले. करुणेने त्याला मार्ग दिला, पण परिणाम पुसून टाकला नाही. मद्यपी चालकाबाबत आपली भूमिका याहून वेगळी असू नये.

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. त्यात सुरेला प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे स्थान म्हटले आहे. गाडी चालविणाऱ्याकडून रस्ता एकच गोष्ट मागतो, ती सावधानता. म्हणून या शीलाचा अर्थ विहारापुरता ठेवू नये. वरातीच्या जीपचा चालक ठरविताना तो पितो काय हे विचारावे. मंडळाच्या कार्यक्रमाला, सहलीला गाडी करताना तेच करावे. प्यालेल्या भावाच्या हातातून किल्ली काढून घेणे हा त्याचा अपमान नव्हे. आणि पोलिसांनी आपल्यातल्या कोणाला पकडले, तर त्याला सोडविण्यासाठी पुढाऱ्याला फोन करू नये. त्याच्यासाठी वकील द्यावा, उपचाराची सोय करावी, घरी धान्य पोचवावे. पण पहिली नोंद होऊ द्यावी. त्या नोंदीने कदाचित त्याचाच जीव वाचेल, आणि रस्त्याच्या कडेने शाळेतून परतणाऱ्या कोणा मुलीचाही.