कणकुंबी : जलविभाजकावरील एका गावाचा भूगोल व इतिहास

प्रस्तावना

मलप्रभा नदी कणकुंबी येथे उगम पावते, हे वाक्य आपल्या भागातील विद्यार्थ्यांना पाठ असते. मात्र या गावाविषयीची त्यांची माहिती बहुधा तेथेच संपते. खानापूर तालुक्यातील हे लहानसे डोंगरी गाव तीन राज्यांच्या पाणीतंट्याच्या केंद्रस्थानी का आले, याचे उत्तर त्याच्या भूगोलात आहे. प्रस्तुत लेखात ते उत्तर थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

भौगोलिक स्थान

कणकुंबी बेळगावच्या नैर्ऋत्येस, जांबोटीमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसले आहे. पश्चिमेस थोड्याच अंतरावर चोर्ला घाट उतरतो. माउली देवीच्या मंदिरामुळे हे गाव परिसरात परिचित आहे. पाऊस अतिशय भरपूर आणि सभोवती दाट जंगल, असा हा सह्याद्रीचा माथा आहे.

या माथ्यावरून जलविभाजक रेषा जाते. सुमारे 792 मीटर उंचीवर उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वळते, सुमारे 304 किलोमीटर वाहून कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते आणि तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. याच गावाजवळील कळसा नाला मात्र पश्चिमेकडे वाहतो. त्याचे पाणी म्हादईतून, म्हणजेच मांडवीतून, पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच शिवारावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत विभागला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

याच तालुक्यातील हलशी, म्हणजे प्राचीन पलाशिका, हे कदंबांचे महत्त्वाचे केंद्र होते. घाटमाथा व गोवा यांचा संबंध तेव्हापासूनचा आहे. पुढे पेशवाईच्या अस्तानंतर हा प्रदेश इंग्रजांकडे आला व 1836 मध्ये बेळगाव जिल्हा अस्तित्वात आला. घाटाखाली मात्र पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यामुळे 1961 पर्यंत घाटातील सीमा ही दोन देशांमधील सीमा होती. 1956 मध्ये जिल्ह्याचा हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. 1973 मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्यकर्त्यांच्या सीमा अशा वेळोवेळी बदलल्या. पाण्याची सीमा बदलली नाही.

पाणीतंट्याचे स्वरूप

मलप्रभेवर सौंदत्तीजवळ नवीलतीर्थ येथे 1972 मध्ये धरण पूर्ण झाले. हुबळी-धारवाडचे पिण्याचे पाणी व कोरडवाहू भागातील शेती यांना त्याचा आधार आहे. पश्चिमेकडे जाणारे पाणी कालव्याने मलप्रभेकडे वळवावे, ही कळसा-भांडुरा योजनेची कल्पना आहे. कणकुंबी येथे 2006 मध्ये कामास प्रारंभ झाला. गोव्याने त्यास हरकत घेतली, कारण मांडवी ही त्या राज्याची जीवनवाहिनी आहे.

केंद्र सरकारने 2010 मध्ये लवाद नेमला. 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात कर्नाटकास 13.42, गोव्यास 24 व महाराष्ट्रास 1.33 टीएमसी पाणी मिळाले. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. कर्नाटकाच्या वाट्यातील 8.02 टीएमसी वीजनिर्मितीसाठी, 1.5 टीएमसी खोऱ्यातच वापरण्यासाठी आणि 3.9 टीएमसी मलप्रभेकडे वळवण्यासाठी आहे. त्यात कळशाचा वाटा 1.72 टीएमसी आहे. या निवाड्याविरुद्ध तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

समारोप

हा प्रश्न वर्गात बहुधा राज्याभिमानाच्या भाषेत पोहोचतो. हुबळीच्या नळाची गरज खरी आहे, तशी मांडवीकाठची चिंताही खरी आहे. कणकुंबीच्या पावसावर जंगलही जगते, हे तिसरे सत्यही विसरता येत नाही. मत देण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्थलदर्शक नकाशावर जलविभाजक रेषा स्वतः आखावी, दोन्हीकडचे ओहोळ दोन रंगांत दाखवावेत व त्यावर राज्यसीमा काढावी. या दोन रेषा कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले, म्हणजे वाद कशाचा आहे हे त्याला समजेल. भूगोल व इतिहासाच्या अध्यापकांनी हा पाठ एकत्र घेतल्यास तो अधिक उपयुक्त ठरेल.