जुहूच्या वाळूवरची जाळी

जुहू चौपाटी साधारण ७२.८२ पूर्व रेखांश आणि १९.१ उत्तर अक्षांशावर आहे. हे आकडे प्रोग्रॅममध्ये ३२ बिटांच्या 'फ्लोट'मध्ये ठेवले, की वाळूवर जणू जाळी अंथरली जाते. तिची घरं पूर्व-पश्चिम सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि उत्तर-दक्षिण जेमतेम २१ सेंटिमीटर रुंद. गाठींच्या मधली जागा संगणकाच्या लेखी नाहीच.

फ्लोटमध्ये सार्थ अंकांच्या वाट्याला २४ बिट येतात. त्यामुळे संख्या वाढत जाते तशी शेजारच्या दोन संख्यांमधली फट रुंदावते; १६, ३२, ६४ अशी प्रत्येक पायरी ओलांडली की दुप्पट. जुहूचा अक्षांश १६च्या पुढे, रेखांश ६४च्या पुढे. म्हणून अंशांत मोजलं तर रेखांशाची फट चौपट. लंडन शून्य रेखांशाजवळ असल्यानं तिथे हीच जाळी पूर्व-पश्चिम दिशेनं कितीतरी बारीक पडते.

मोबाइलचा जीपीएस मुळातच काही मीटर चुकतो, मग ८० सेंटिमीटरचं एवढं काय? खरा घोळ वजाबाकीत आहे. चौपाटीवर धावणारा माणूस सेकंदाला तीनेक मीटर सरकतो. दोन नोंदींच्या फरकात ८० सेंटिमीटरपर्यंत चूक शिरली, तर त्याचा वेग उगाच वरखाली नाचतो.

याहून वाईट गत दोन ठिकाणांमधलं अंतर काढणाऱ्या कोसाइनच्या सूत्राची. पृथ्वी थिएटर ते चौपाटी हे अंतर त्यानं फ्लोटमध्ये काढून पाहा. पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या एवढ्या लहान कोनाचं कोसाइन १च्या इतकं जवळ असतं, की फ्लोट त्याचा थेट १ करतो आणि अंतर येतं शून्य. १च्या खालची लगतची संख्या घेतली, तर एकदम २.२ किलोमीटर! अधलंमधलं काही नाहीच. रॉजर सिनॉट यांनी १९८४ साली 'स्काय अँड टेलिस्कोप'मध्ये दर्यावर्दींचं जुनं हॅवरसाइन सूत्र सुचवलं, ते अशाच लहान अंतरांसाठी.

६४ बिटांचा 'डबल' घेतला, की जुहूची जाळी दीड नॅनोमीटरवर येते. १९८५च्या आयईईई ७५४ मानकात दोन्ही प्रकार आहेत, आणि आजच्या फोनला डबल मुळीच जड नाही. तरी मला जास्त पटते ती ओपनस्ट्रीटमॅपची रीत: अंशाला १ कोटीनं गुणायचं आणि पूर्णांक साठवायचा. बिट तेच ३२, पण फ्लोटसारखा घातांकावर एकही खर्च होत नाही. जुहूच्या वाळूवर जाळीचं घर उरतं साधारण १ सेंटिमीटरचं.